दुकानाचा हिरवा
त्या दिवशी बाबा सकाळपासून हवेत होते. रंगाच्या दुकानाला आणि त्याच्या दुमजली इमारतीला महिन्याभरात शंभर वर्षं होणार होती. दर्शनी दाराला दुकान काढणाऱ्या आजोबांनी स्वतःच्या हाताने कोणता रंग दिला होता, ते बाबांना डोळ्यांनी बघायचं होतं. तसं ते सगळ्या बाजाराला सांगूनच बसले होते: गडद, जरा काळपट असा 'दुकानाचा हिरवा'. समोरच्या रांगेतली निम्मी दारं त्याच रंगाची. गिऱ्हाईक नावही घेत नसे. "तुमचाच द्या," एवढंच म्हणे.

बाबा स्टुलावर चढले आणि ओल्या पॉलिश पेपरने दाराचा कोपरा गोल गोल घासू लागले. लेकीने स्टूल धरलं. हिरवा, मग अस्तराची पांढरी रेघ, पुन्हा हिरवा. प्रत्येक थरापाशी बाबांना काहीतरी आठवे. हा वरच्या गोदामाची कप्पी तुटली त्या वर्षीचा. पांढऱ्याचं अख्खं पिंप रस्त्यावर फुटलं आणि आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला पांढऱ्या झाल्या होत्या.

"दाराला भोक पाडणार तुम्ही," वीस वर्षं दुकानात रंग कालवणारे काका आतून म्हणाले. "मग आजोबाच डोकावतील बाहेर."

"डोकावू दे की. त्यांनाच विचारू."

तिला मात्र हसू फुटेना. तीस वर्षांपूर्वी आजोबा गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. दाराचा रंग आजोबा स्वतःच कालवत, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. त्याची मापं एका कार्डावर लिहिलेली होती. ते गेल्यावर एकदा खेळता खेळता तिच्या हातून त्या कार्डावर काळ्या रंगाचा टपोरा थेंब पडला, नेमका पिवळ्याच्या मापावर. पुसायला गेली तर आकडाच गेला. घाबरून तिने नवं कार्ड सुवाच्य अक्षरात उतरवलं आणि पिवळ्यापुढे मनाचा आकडा घातला. बाबांनी त्यावरूनच रंग कालवला. दार गडद झालं. दार बरीच वर्षं रंगवलं नव्हतं, जुना रंग उन्हाने विटला होता, खरा हाच, असं ते म्हणाले आणि कार्ड नीट उतरवल्याबद्दल त्यांनी तिची पाठ थोपटली. पुढे लोकांना तो रंग आवडत गेला, आणि तिच्या तोंडाला कुलूप लागलं ते लागलंच.

आता आजोबांच्या थरावरची पांढरी रेघ तेवढी राहिली होती. दिवे लागले तसे बाबा खाली उतरले. दिव्याखाली रंग फसवतो, सकाळच्या उजेडात बघू म्हणाले. त्यांचे डोळे लहान मुलासारखे चमकत होते.

"बाबा," ती म्हणाली.

"बोल की."

"काही नाही. चहा ठेवते."

पहाटे बाबांच्या छातीत कळ आली. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

तीन आठवड्यांनी दुकान उघडलं. दार रंगवायला हवं होतं. काकांनी विचारलं, "नेहमीचाच कालवू ना?" ती स्टुलावर चढली. काकांनी स्टूल धरलं. ती घासू लागली; हाताला जोर कुठून येत होता कोण जाणे. पांढरी रेघ विरत गेली, आणि आतून पोपटी रंग वर आला. उजळ, कोवळ्या पानासारखा, काल दिल्यासारखा ताजा.

"अरे बापरे," काकांच्या तोंडून निघालं.

समोरचा शिंपी टेप गळ्यात तसाच ठेवून धावत आला. त्याच्या मागून कुलपांचं दुकान आलं, भांड्यांचं आलं. जो तो बोट लावून बघू लागला, एकाच वेळी बोलू लागला. तीस वर्षं आपण खोटं दार लावून बसलो की काय, असं म्हणून शिंप्याने सगळ्यांना हसवलं. तीही हसली, आणि हसता हसताच तिला जाणवलं, हे बघायला बाबाच तेवढे नाहीत.

"मग कोणता कालवू?" काकांनी हळूच विचारलं. "आणि तो गडद आला तरी कुठून?"

ती खाली उतरली. घासलेल्या गोलावर ओला तळवा ठेवला. सगळे ऐकत होते, पण ती दाराशीच बोलली.

"बाबा, आजोबांचं कार्ड मी खराब केलं होतं. पिवळ्याचा आकडा मी मनाने घातला. तो हिरवा माझा होता. त्या दिवशी मला चहा नव्हता ठेवायचा, हे सांगायचं होतं."