दातांत धरलेली शिट्टी

मी शिट्टी बोलतेय. आधीच माफी मागते. सांगतेय मी, पण लिहून घेतोय माझा मुकादम, आणि त्याची शाळा सातवीतच सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, शब्द फारच साधे वाटले, तर पोटात घाला. मधेच तो पेन ठेवतो नि म्हणतो, "माझ्याबद्दलचं नको ना." मग मी सांगू तरी काय? शिट्टीचं आयुष्य ज्याच्या तोंडात, त्याचं.

पितळेच्या पत्र्यातून मला ठोकून काढलं, पोटात लाकडाचा मणी टाकला, एकानं फुंकून पाहिलं आणि खोक्यात फेकलं. तिथून मी आले ती या आवारात. इथे अवजड यंत्रांच्या पेट्या क्रेननं चढवतात, उतरवतात. एक लांब शिट्टी म्हणजे थांब, दोन आखूड म्हणजे वर, तीन म्हणजे खाली. पेटी हवेत असताना क्रेनवाल्या ताईंनी माझ्याशिवाय कुणाचं ऐकायचं नाही, असा नियम.

माझे पहिले धनी थोरले मुकादम. ते मला फुंकायचे आणि वर घसा फोडून ओरडायचेही. त्यांचा आवाज म्हणजे जणू भिंत, लोक तिला टेकून काम करायचे. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी मला या लाजाळू गड्याच्या गळ्यात अडकवलं. म्हणाले, "घे. तुझा आवाज तर तुझ्या घरच्या मांजरालाही ऐकू जात नाही. निदान हिचा तरी असू दे."

महिनाभर काम पाहायचं, जमलं तर मुकादमकी कायम, असं आवाराच्या साहेबांनी ठरवलं. तो रोज घरी जाऊन आईला एकच विचारायचा, "मी इतका भितो. माझ्या शिट्टीवर माणसांचे जीव टांगणं बरं का गं?"

"भितोस ना? मग आधी पोटभर जेव," आई म्हणायची. याला काय उत्तर म्हणतात?

महिन्याच्या शेवटच्या दिवशी, भर दुपारी, पेटी उतरत होती. जमिनीपासून हातभर उरली आणि तिचा एक पट्टा सरकला. पेटी कलंडली. तिच्या धक्क्यानं, पेटी टेकवायला खाली ठेवलेला ओंडका घरंगळला आणि आमच्यातल्या पैलवानाचा बूट भिंतीशी दाबून बसला. पैलवान नावालाच, अंगानं अगदी काडी. पेटी वर घ्यावी तर पट्टा निसटून ती त्याच्या अंगावर. खाली घ्यावी तर ओंडक्याखाली पायाचा चेंदा.

"वर घ्या!" एक ओरडला. "खाली! खाली, लवकर!" दुसरा. "आई गं!" पैलवान.

ताई वरून फक्त मुकादमाकडे पाहत होत्या. त्यानं मला दातांत धरलं. आता फुंकेल, मग फुंकेल... आणि मला काय जाणवलं? त्याचे दात माझ्यावर वाजत होते! तोंड कोरडं ठाक, श्वासच नाही. मी मुकी.

फुंकता येईना म्हणून त्यानं तळहात वर केला. ताईंनी क्रेन जागच्या जागी धरली. बाकीचेही का कोण जाणे, गप्प झाले. तो पैलवानापाशी गेला आणि समोर उकिडवा बसला.

"पैलवान, बोटं हलतात का?"

"हलतायत. बुटाला पुढे लोखंड आहे ना."

"मग बुटातून पाय काढ. नाडी सोड."

"बायकोनं गाठ मारलीय. रोज सुटते म्हणून."

"बरं, तिला शिव्या संध्याकाळी दे. आधी चाकू दे."

नाडी कापली, पाय निघाला, दोघं दूर झाले. मग कुठे मी तीनदा वाजले, तेही सर्दी झाल्यासारखी. पेटी खाली बसली. बूट चपटा झाला.

"काय थंड डोकं!" जो तो म्हणू लागला. साहेबांनी तिथेच सांगितलं, "उद्यापासून मुकादमकी तुझी."

आमचा गोंधळ इथेच सुरू झाला. तो उकिडवा बसला तो धीरानं नाही हो, गुडघेच गेले होते! खाली बसला म्हणून नाडी दिसली. मग याला शांत म्हणायचं, की गोठलेला? थोरले मुकादम ओरडायचे, तेव्हा त्यांचेही दात कधीकधी माझ्यावर वाजायचे. मग ते भित्रे होते, की हा धीट आहे? मी पितळेची, मला उमगत नाही.

संध्याकाळी तो ताईंकडे गेला. "ताई, ही शिट्टी तुम्हीच साहेबांना परत द्या. माझा हात कापत होता."

"मला वरून कापताना नाही दिसला," ताई डबा आवरत म्हणाल्या. "हात दिसला. दहा जण ओरडत होते, आणि एकच हात 'थांब' म्हणत होता. मला तेवढंच लागतं."

"पण मी घाबरलो होतो."

"मग मी काय वर बसून गाणी म्हणत होते?"

त्याला ते पटलं की नाही, त्याचं त्यालाच ठाऊक नाही. मला घेऊन तो घरी आला आणि आईनं वाढलेलं निमूट जेवला.

तुमच्याही वर कुणी मुकादम असेल. त्याचा हात वर गेला, तर क्षणभर गप्प राहा. एवढंच या पितळेच्या तुकड्याचं मागणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सगळ्यांना क्रेनखाली गोळा केलं. कान लाल, नजर जमिनीवर. म्हणाला, "काल मी घाबरलो होतो. पुढेही घाबरीन. फक्त मी हात वर केला की कुणी ओरडू नका. मला घाबरायला जरा शांतता लागते."

नव्या बुटातला पैलवान म्हणाला, "साधारण किती वेळ लागेल, मुकादम?"

सगळे हसले. तोही हसला, आणि पहिली पेटी उचलायला त्यानं मला दोनदा फुंकलं.