मार्जरीबाईंचा वंश

सातशे वर्षांपूर्वी मेलेल्या एका इंग्रज बाईची नातवंडं-पतवंडं आमच्या मोठ्या भाऊजींना तोंडपाठ होती, आणि स्वतःच्या नातीचं नाव विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. हे मी रागानं बोलते असं कुणाला वाटलं तर वाटू दे. राग आहेच.

भाऊजी म्हणजे इतिहासाचे प्राध्यापक महालिंग मगदूम, माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. राजारामपुरीत एकाच बंगल्यात ते खाली आणि आम्ही वर. त्यांची पीएचडी लेडी मार्जरी नावाच्या सरदारीणबाईवर. तिचा नवरा लढाईत पडला, एकुलता मुलगा तापानं गेला, राहिल्या तीन मुली. लोक म्हणाले, घराणं बुडालं. पण तिघींनी जहागीर वाटून घेतली आणि मधलीच्या पोटची वेल आजतागायत चालली आहे. तिचा शेवटचा वंशज तिकडं ट्रॅक्टर विकतो आणि भाऊजींना नाताळाला कार्ड पाठवतो. 'वंश लेकींनी राखला' हे भाऊजींचं लाडकं वाक्य. त्या एका वाक्यावर त्यांनी किती शाली आणि नारळ मिळवले, विचारू नका. बाईंच्या थडग्यावरचं चित्र काळ्या मेणानं कागदावर उतरवून आणलं होतं, ते हॉलमध्ये बसवेश्वरांच्या फोटोशेजारी टांगलं. आम्ही त्यांना मार्जरीबाई म्हणायचो. अक्का, म्हणजे माझी थोरली जाऊ, रोज बसवण्णांना फूल वाहिलं की एखादं बाईंनाही वाहायची.

त्यांची मुलगी विद्याश्री. पाहुणे आले की भाऊजी तिला स्टुलावर उभं करायचे आणि पोरगी पाढे म्हटल्यासारखी मार्जरीबाईंची सगळी वेल म्हणून दाखवायची. अकरा वर्षांची असताना तिनं ती एका बड्या पाहुण्यासमोर एकही नाव न चुकता म्हटली, तेव्हा भाऊजींच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलंय. धाकटा रुद्रेश अडखळायचा आणि मार खायचा.

सत्त्याण्णव साली विद्याश्रीनं कोडोलीच्या जोतीरामशी लग्न केलं. आम्ही लिंगायत, तो मराठ्याचा मुलगा, घरचं दूध संकलन, स्वभावानं गरीब. भाऊजी ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून कॉलेजला गेले. पण त्यानंतर घरात कुणी तिचं नाव काढलं की ते ताटावरून उठायचे, म्हणून आम्ही नाव काढणंच सोडलं. अक्का दुपारी वर येऊन माझ्या फोनवरून लेकीशी बोलायची आणि पदरानं डोळे पुसून खाली जायची.

दोन हजार तीनच्या दिवाळीआधी अक्काच्या पोटात कॅन्सर निघाला. आता घरी न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याच सुमारास हेळवी येणार असल्याचा निरोप आला. हेळवी म्हणजे आमच्या घराण्याची वंशावळ सांगणारा. पाच-सहा वर्षांनी बैल घेऊन येतो, मूळ पुरुषापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळी नावं घंटा वाजवत म्हणतो, लेकी कुठल्या गावाला दिल्या तेही सांगतो. घरातला थोरला जे सांगेल ते तो वेलीला जोडतो आणि तेच पुढं गावोगावच्या भाऊबंदांत म्हणत जातो. त्याच्या तोंडून जे निघालं ते आमच्या लोकांत खरं.

अक्कानं जन्मात नवऱ्याकडं काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी मागितलं. "माझ्या लेकीचं नाव तेवढं त्येच्या तोंडनं ऐकू द्या. कोडोलीला दिली म्हणू द्या. मग मी सुखानं जाते."

भाऊजी म्हणाले, बोलवा तिला, नाव येईल.

मी खुळी. आनंदानं स्वतः एसटीनं कोडोलीला गेले. विद्याश्रीचा आधी विश्वासच बसेना. काकू, अप्पा खरंच नाव येईल म्हणाले का, असं तिनं तीनदा विचारलं. मग पेटीतली हिरवी इरकल काढली, पाच वर्षांच्या प्रियदर्शनीच्या वेण्या घातल्या आणि आली.

हेळवी आला त्या दिवशी शेजारच्या क्लासची पोरं स्कूटरींच्या रांगेत बांधलेला बैल बघायला गर्दी करून उभी होती. चुलत घराण्यातली माणसं जमली होती. अक्काची कॉट हॉलमध्ये आणली होती. तिच्या उशाशी विद्याश्री बसली, मांडीवर लेक. भाऊजींनी तिच्याकडं पाहिलं नाही, पण जा असंही म्हणाले नाहीत. अक्काच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी रंग आला होता.

घंटा वाजू लागली. पिढ्यांमागून पिढ्या उतरल्या. माझे सासरे सिद्धाप्पा आले, त्यांचे दोन मुलगे आले. मग हेळव्यानं थांबून भाऊजींना विचारलं, मालक, तुमचा मुलगा रुद्रेश, मुलगी विद्याश्री, लेक कुठं दिली?

"दिली नाही," भाऊजी म्हणाले. "अकराव्या वर्षी वारली."

हेळव्यानं कॉटकडं पाहिलं. विद्याश्रीला त्यानं परकरात पाहिलं होतं, ओळखलं नसेल असं होणारच नाही. "वारली म्हंजे, मालक?"

"वारली म्हणजे वारली. बिनलग्नाची. जोडा."

 माझा नवरा जमिनीकडं बघत बसला, चुलत दिरांपैकी एक खोकला. हेळव्यानं घंटा उचलली आणि म्हटलं, महालिंगाची लेक विद्याश्री, अकराव्या वर्षी लिंगैक्य झाली. नाव आलं. भाऊजींनी शब्द पाळला.

अक्काच्या घशातून एक आवाज निघाला, तो मला अजून ऐकू येतो. विद्याश्री रडली नाही. आईचा हात दोन्ही हातांत धरून बसून राहिली. भाऊजींनी हेळव्याला धोतरजोडी आणि पितळेची घागर दिली, सगळ्यांना जेवायला बसवलं. मी विद्याश्रीचं पान मांडायला गेले तर म्हणाले, मेलेल्या माणसाचं पान मांडू नये, उचला. मी उचललं नाही. त्यांनी स्वतः वाकून उचललं.

पंधरवड्यात अक्का गेली. विद्याश्री मातीला आली तर भाऊजींनी तिला फाटकातच अडवलं. भाऊबंद ऐकताहेत अशा बेतानं म्हणाले, या घराची मुलगी कधीच गेली, तुम्ही कोण? मी तोंडाला येईल ते बोलले, कसाई म्हणाले, आणखीही बरंच म्हणाले. माझ्या नवऱ्यानं मला दंडाला धरून आत नेलं.  आईला उचललेलं त्या पोरीनं फाटकाच्या गजातून पाहिलं.

रुद्रेशचं लग्न थाटात झालं. मूल नव्हतं. दोन हजार नऊ साली हायवेवर ट्रकनं त्याची मोटरसायकल उडवली. सून माहेरी गेली ती परत आली नाही. भाऊजी मार्जरीबाईंच्या चित्राखाली खुर्ची टाकून दिवस दिवस बसू लागले. मला कीव आली असेल असं समजू नका. पोरासाठी मी रडले, त्याच्या बापासाठी नाही.

त्याच वर्षी हेळवी परत आला. रुद्रेशपर्यंत म्हणाला आणि थांबला. पुढं कोण, असं त्यानं विचारलं. भाऊजींचे ओठ हलले. मुलगी आहे, जिवंत आहे, तिला लेक आहे, असं ते चाचरत म्हणाले. हेळवी म्हणाला, मालक, समद्या गावांत मी तिला मेली म्हणून आलोय, तुमच्याच शब्दावर. आता ती सोता हितं येऊन हुबी ऱ्हायली तरच जोडीन. मी चार दिस हाय.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी मला बरोबर चल म्हटलं. मी गेले. का गेले? मला बघायचं होतं.

कोडोलीत सकाळच्या दुधाची वेळ होती. विद्याश्री काउंटरमागं उभी राहून दूध मोजत होती. माणसं किटल्या घेऊन रांगेत. भाऊजी कोट घालून त्या रांगेच्या शेवटी उभे राहिले. तिनं मला पाहिलं आणि हसली, काकू, आत बसा, चहा टाकते म्हणाली. त्यांच्याकडं तिची नजर गेली ती एखाद्या गिऱ्हाइकाकडं जावी तशी. रांग संपेपर्यंत ते उन्हात उभे होते.

त्यांचा नंबर आला. मोकळे हात काउंटरवर ठेवून ते म्हणाले, "विद्या, वंश लेकींकडनं चालतो. तूच म्हणायचीस की. घरी चल. पोरीला घेऊन चल."

"कुणाकडं आलाय तुम्ही?" ती शांतपणे म्हणाली.

"तुझ्याकडं. माझ्या विद्याश्रीकडं."

"ती अकराव्या वर्षीच गेली म्हणं. समद्यांनी ऐकलंय. मेलेल्या पोरीला लेक कुठनं हुईल?"

 भाऊजी तिथंच दुधाच्या रिकाम्या कॅनवर बसले. आतून प्रियदर्शनी धावत आली, आता अकरा वर्षांची, डोळे थेट अक्काचे. म्हातारा माणूस घामाघूम झालेला बघून ती तांब्या भरून घेऊन आली. त्यांनी मान वर केली आणि तिच्याकडं बघतच राहिले.

"आजोबा, पाणी," ती म्हणाली. कुठल्याही म्हाताऱ्याला म्हणते तशी.

भाऊजींनी हात पुढं केला. पण विद्याश्रीनं लेकीच्या खांद्यावर हात ठेवून तिला थांबवलं. "आजोबा न्हाय. वाट चुकल्यात ते. नीट म्हण."

पोरीनं आईकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं, आणि तांब्या पुढं केला.

"पाणी घ्या, पावणं."