पोटाची साक्ष

एका मंगळवारी दुकानाचं शटर वर करता करता घड्याळजींचं पोट बोलायला लागलं. "आता मी गप्प बसणार नाही!" आवाज असा खणखणीत, की शेजारचा शिंपी कात्री घेऊन बाहेर आला.

घड्याळजींची पाचावर धारण बसली. दीड वर्षापासून त्यांचा उजवा हात थरथरत होता आणि बायकोला कळू नये म्हणून ते तो खिशात कोंबून फिरत. तिला कळलं तर ती दुकान बंद करायला लावणार, आणि घड्याळांशिवाय हा माणूस म्हणजे खुर्चीवर टाकलेला टॉवेल. आता पोटानं तोंड उघडलं तर संपलंच की हो सगळं!

शिंप्याकडून कळताच बायकोनं कसलाही गाजावाजा न करता त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई वस्ताद. "तुम्ही मध्ये बोलू नका," असं घड्याळजींना दटावून त्यांनी केसपेपरवर पेशंटचं नाव 'पोट' असं लिहिलं.

"त्रास कधीपासून?"

"बारा वर्षं झाली, बाई," पोट म्हणालं. "चार-चार दिवस काही पुढे सरकायचं नाही. हे म्हणायचे, पाणी कमी पडतंय. मेहुणा म्हणायचा, केळी खा. माझं मेलं कोणी ऐकेल तर शपथ!" आणि ते चक्क हुंदके द्यायला लागलं. घड्याळजींनी ओशाळून शर्टाची बटणं नीट केली.

"बद्धकोष्ठ असलेल्या प्रत्येकाला पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, होत नाही," बाई म्हणाल्या, "पण काही जणांत त्याची चाहूल हाताच्या कितीतरी वर्षं आधी पोटाला लागते. तपासल्याशिवाय सांगता यायचं नाही. हाताला काही जाणवतंय?"

"छे, काहीच नाही," घड्याळजी म्हणाले.

"खोटं!" पोट ओरडलं. "खिसा बघा, खिसा!"

घरभेदी मेलं! घड्याळजींनी हात काढून टेबलावर ठेवला, तसा पेनांचा डबा खुळखुळायला लागला. बायकोकडे बघायची त्यांची हिंमत होईना.

"वर्ष झालं," ती म्हणाली. "तुमचा चहाचा कप मी अर्धाच भरते. सांडू नये म्हणून."

"वर्ष? मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर मला घोर नको म्हणून तुम्हीच दुकान बंद केलं असतं."