पंगत बाद

भातकुलीच्या पलीकडचं उंबरडोह नकाशात सापडत नाही, म्हणून ते नाहीच असं समजू नका. नकाशा काढणारा माणूस तिथं पंगतीला बसला होता. तो उठलाच नाही, तर नकाशात गाव घालणार कोण?

पंगतीचा कायदाच तसा होता. गावातले सगळ्यात वडीलधारे खुशालराव उठल्याबिगर कोणी उठायचं नाही. एका साली सूर्यभान आधी उठला. लगेच त्याची म्हैस आटली, आणि पुढं वर्षभर गावानं त्याला जेवायला बोलावलं नाही. म्हैस आधीपासूनच भाकड होती, हे सूर्यभान सांगायचा. पण म्हशीच्या कानात.

त्या दिवशी मारुतीचा भंडारा होता. जमुनाबाईची लेक आचल खांद्यावर बॅग टाकून अकोल्याला निघाली होती. दुपारी तिच्या कॉलेजच्या कबड्डी संघाची निवड होती, आणि त्याआधी वजनकाटा. ठरल्या वजनाच्या वर गेलं की घरी!

"दोन घास खाऊन जाय व," जमुनाबाई म्हणाली. "भंडारा टाकून जाऊ नोको. लोकं काय म्हणतीन?"

आचल बसली. बडनेरा स्टेशनला सोडणारा काळीपिवळी जीपवाला योगेशही शेजारी बसला. गोवऱ्यांत भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण, तुपाची धार. दोन घास झाले, दहा झाले. खुशालराव काही उठेनात.

रिकामी पत्रावळ दिसली तर उठायची घाई दिसेल, या धास्तीनं लोक वाढून घेत होते. सगळ्यात मोठा आवाज सूर्यभानचा, "वाढ गा, वाढ! इकडे वाढ!" पहिली कढई संपली, दुसरी चढली. रोडगे सरले तर शेजारच्या गावातून बैलगाडी भरून आणले. योगेशच्या शर्टाची बटणं उडून वाढप्याला लागली, तरी तो म्हणाला, "अर्धा अजून."

"योगेशभाऊ, गाडी चुकते न माही!" आचल कुजबुजली.

"मंग उठ तू."

"तुमी उठा. काळीपिवळी तुमची हाये."

"मले अजून या गावात सवाऱ्या भराच्या हायेत, बाई!"

आचलच्या पोटात रोडगे नव्हते, वजनकाट्याची मापं होती. तिनं समोर पाहिलं. खुशालरावांच्या कपाळावर घाम. एक डोळा नाल्याकडं, एक हात पोटावर. ते गुडघा उचलत, तेवढ्यात सूर्यभान ओरडे, "वाढ गा!" आणि खुशालराव मटकन परत बसत. एकदा नाही, तीनदा!

आचलच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, ज्याला भ्यायचं तोच भिऊन बसलाय!

पण म्हातारा उठणार कसा? तिला आठवलं, जवानीत खुशालरावांनी चांदूर बाजारपर्यंतची हुतूतूची मैदानं गाजवली होती. तिनं छाती भरून दम घेतला, आणि...

"कबड्डी-कबड्डी-कबड्डी..."

आचल उठली! वाढप्याच्या हातून पळी पडली. वरणावर बसायला निघालेली माशी हवेतच थांबली.

"बस खाली, पोट्टे! म्हैस आटन आपली!" जमुनाबाई किंचाळली.

दम न सोडता आचलनं पत्रावळींवरून उडी घेतली, सूर्यभानला डावीकडून चकवलं, वाकली आणि खुशालरावांच्या खांद्याला हात लावला.

"आबाजी, बाद!"

 मग खुशालराव ताडकन उभे राहिले.

"बाद म्हंजे बाद! बाद गड्यानं मैदानात बसाचं नसते!" पाण्याचा लोटा उचलून ते नाल्याकडं पळाले. पळता पळता ओरडले, "कवाचा उठाले पाहून राहिलो, लेकहो! पण तुमी जेवून राहिले न! जेवतं गाव टाकून उठलो असतो तं तुमीच मले नावं ठेवली असती!"

मग सगळी पंगत एकदम उठली. त्या धक्क्यानं अमरावतीत कपाटातली भांडी वाजली म्हणतात.

योगेशनं काळीपिवळी अशी हाणली की धूळ मागं राहिली आणि हॉर्न तिच्याही मागं. बडनेऱ्यात आचल धावत गाडीत चढली, आणि अकोल्यापर्यंत डब्यात उठाबशा काढत गेली. अर्धा डबा तिच्यासोबत उठाबशा काढत होता. एकटं बसून राहायची त्यांनाही भीती वाटली असणार. वजनकाट्याचा काटा थरथरला, आणि बरोब्बर रेषेवर थांबला. एक घास जास्त असता तर खेळ खलास होता!

आचल संघात आली. गावानं फटाके फोडले. कायदा मोडला म्हणून सूर्यभाननं पेढे वाटले, आणि म्हैस आधीपासूनच भाकड होती हे यावेळी मोठ्या आवाजात सांगितलं.

या साली भंडाऱ्याला आचल अकोल्यात सामना खेळत होती. मैदानावर उतरणार, तेवढ्यात फोन वाजला. खुशालराव होते, आवाज रडकुंडीला आलेला.

"आचल, पोरी, तिसरी कढई चढली व! तू हात लावल्याबिगर कोणी उठूनच नाही राहिलं!"

"तुमी उठा न, आबाजी!"

"मी? अन् माही म्हैस आटली तं?"

मागून सूर्यभानचा आवाज आला, "वाढ गा, वाढ!"

आचलनं कपाळाला हात लावला. "फोन स्पीकरवर टाका," ती म्हणाली, आणि छाती भरून दम घेतला.