बदामी की मोतिया

मला बघायला पुण्याचे पाहुणे येणार होते, म्हणून आमच्या खालापूरच्या घराच्या पुढच्या खोलीतली एक भिंत रंगवायची ठरली. एकच. बाकीच्या तिन्हींचं पाहुण्यांशी काही काम नव्हतं.

लोधिवलीचा पांडू रंगारी डिस्टेंपरचे दोन डबे घेऊन आला आणि त्यानं भिंतीवर शेजारी शेजारी दोन पट्टे मारले. एक बदामी, एक मोतिया. वाळल्यावर कुठला कुठला हे त्यालाही सांगता येईना. आईला मात्र येत होतं. तिनं मला आधी एका पट्ट्यापुढे उभं केलं, मग दुसऱ्यापुढे, आणि शेजारच्या सोनुबाईंना हाक मारली.

"बदामीवर जरा उजळ वाटते जया," सोनुबाई म्हणाल्या.

"जरा म्हणजे किती?"

"जरा म्हणजे जराच हो, अनसूयाबाई."

मी वीस वर्षांची, मॅट्रिक झालेली, आणि मला भिंतीशी जुळवून बघत होते. असा संताप आला की डोळ्यांत पाणीच आलं. आई म्हणाली, "रडू नकोस गं, रडलीस की आणखी काळी दिसतेस."

पांडू ब्रश धरून ताटकळला होता. "वैनी, पोरगी चांगली हाय. रंग कंचा देऊ तेवढं सांगा."

बदामी ठरला.

रविवारी पाहुणे आले. रीतीप्रमाणे त्यांना मानाच्या जागी बसवलं, म्हणजे त्याच भिंतीला लावलेल्या खुर्च्यांवर. मी समोर पाटावर, आणि माझ्यामागे स्वयंपाकघराचं धुरकटलेलं दार. आठ दिवसांत हे घरात कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आईनं कपाळाला हात लावला, पण पाहुण्यांना उठा म्हणणार कोण?

तेव्हा बदामीपुढे मुलगाच बसला, आणि मला तो नीट बघता आला. त्याच्या मावशीनं मला चालून दाखवायला सांगितलं. चालले. केस सोडायला सांगितले. सोडले. मुलगा सगळा वेळ पोहे खात होता. तुम्हाला काही विचारायचंय का, असं बाबांनी त्याला विचारलं, तर त्यानं मावशीकडे बघितलं. मावशी नाही म्हणाली.

आठवड्यानं पत्र आलं, मुलगी पसंत आहे. आई देवापुढे साखर ठेवायला उठली.

"मला मुलगा पसंत नाही," मी म्हटलं.

"तुला कुणी विचारलंय?"

"नाही ना. म्हणून आपणहून सांगतेय."

बाबांनी चष्मा लावला, एक कोरं कार्ड पुढ्यात ओढलं आणि मला म्हणाले, "सांग, काय लिहू?"