गिळणार, घुसळणार, ओकणार

मावशीला ओकारीची किळस कधी वाटलीच नव्हती. अकरा वर्षं ती पार्कमधल्या रोलर कोस्टरखालची फरशी पुसत होती. भुसा टाकायचा, खरवडायचं, फिनाइलचं फडकं मारायचं आणि ज्याला उलटी झाली त्याला ग्लासभर पाणी द्यायचं. "पोट आहे, डबा नाही झाकण लावायला," असं ती म्हणे. लाजेनं चूर झालेलं माणूस हसून निघून जाई.

त्या वर्षी नवा रोलर कोस्टर आला. नाव 'राक्षसाचं पोट'. आत शिरायला लाल रबरी जीभ, रांगेच्या दोन्ही अंगांना गुलाबी, ओलसर दिसणाऱ्या आतड्यांच्या भिंती. बाहेर पडायचं ते उघड्या जबड्यातून. वर पुरुषभर उंचीची अक्षरं: गिळणार, घुसळणार, ओकणार!

उद्घाटनाआधी जाहिरातीचं काम बघणाऱ्या साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. अकरा वर्षांत तिथं तिला पहिल्यांदाच कुणी खुर्ची दिली.

"मावशी, जबड्यासमोर आकड्यांचा बोर्ड लावतोय. कुणाला उलटी झाली की तुम्ही घंटा वाजवायची. आकडा एकानं वाढणार. लोक वेडे होतील बघा!"

"वेडे कशाला होतील, साहेब? मळमळतं हो बिचाऱ्यांना."

"तेच तर विकायचंय."

पण पोट निघालं गुळगुळीत. इंजिनियर लोकांनी वळणं इतकी नीट बेतली होती की पहिल्या दोन दिवसांत एकाच बाईला उलटी झाली, तीही उन्हानं. साहेबांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कँटीनच्या आचाऱ्याला ओट्सच्या लापशीत किसलेलं गाजर आणि व्हिनेगर कालवायला लावलं. आचाऱ्यानं सवयीनं बोट बुडवून चाखलं आणि चिमूटभर मीठ घातलं.

"तासाला चार वेळा ओतायचं. कुणी बघत नसताना," साहेबांनी बादली मावशीच्या हातात दिली.

"अकरा वर्षं पुसतेय, साहेब. आता टाकूपण मीच?"

"तुम्हीच टाका, तुम्हीच पुसा. दुसऱ्या कुणाला त्रास नको."

पन्नाशीनंतर नवी नोकरी कोण देतंय? मावशीनं बादली जबड्याच्या जिन्याखाली ठेवली आणि सांगितलं तसं केलं. ती ओतायची, घंटा वाजवायची. लोक फोन उगारून धावत यायचे, टाळ्या पिटायचे. घरी ताटात गाजर दिसलं की ती ते बाजूला सारायची.

"आई, अगं तुमचा पार्क काय गाजतोय!" मुलगी फोन नाचवत म्हणाली. "शंभर झाले!"

त्यातले नव्याण्णव मीच ओतलेत, हे जिभेवर आलेलं मावशीनं गिळलं.

दुसऱ्या आठवड्यात, ऐन दुपारी, पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ बायकोच्या खांद्याचा आधार घेत जबड्यातून बाहेर आले. चार पावलं चालले, गुडघ्यांवर बसले आणि भडभडून ओकले. चेहरा चुन्यासारखा पांढरा. भोवती कडं पडलं. "मावशी, घंटा! घंटा वाजवा की!" लोक ओरडू लागले. बायको त्यांचं तोंड पुसत होती आणि फोनवाले तिला जरा बाजूला व्हायला सांगत होते.

मावशीनं पार्कच्या दवाखान्याच्या खोलीत फोन लावला. नर्स हसली. "आजची कितवी लापशी ही?" म्हणाली आणि फोन ठेवून दिला. मावशी धावत गेली आणि नर्सला दंडाला धरून ओढतच घेऊन आली. मग ऑक्सिजन आला, गाडी आली. स्ट्रेचरवरून ते गृहस्थ कसेबसे पुटपुटले, "माफ करा हं, मावशी. तुमचं काम वाढवलं."

मावशीनं जिन्याखालची बादली ओढून काढली आणि गर्दीच्या मधोमध पालथी केली.

"हे बघा! ही ओकारी खोटी आहे! कँटीनमध्ये शिजवतात! रोज मीच ओतते आणि तुम्ही टाळ्या वाजवता! लाज वाटायला हवी, मला आणि तुम्हालाही!"

मग कुणीतरी शिट्टी मारली आणि हशा फुटला. "वन्स मोअर, मावशी!" कुणीतरी घंटाही वाजवली.

साहेब धावत आले. आता कामावरून जाणार, हे मावशीनं धरूनच ठेवलं होतं. पण साहेबांचा चेहरा उजळला होता.

"मावशी, कमाल केलीत! रोज बाराला आणि चारला हेच करायचं. अगदी असंच, चिडून."

"साहेब, तो माणूस खरा होता. दवाखान्यात नेलाय."

"हो, गाडीत चढताना बोललो मी त्यांच्या बायकोशी. जिवाला धोका नाही. फोटो वापरू का, तेही विचारून ठेवलंय."

अकरा वर्षं लोकांच्या पोटातलं उपसलेल्या मावशीला पहिल्यांदाच एका माणसाच्या नुसत्या तोंडाकडे बघवेना. तिनं तिथल्या तिथं ॲप्रन सोडला आणि बदली मागितली. वाहनतळाजवळची स्वच्छतागृहं मिळाली. तिथं सहसा कुणी जायला तयार नसे.

महिन्याभरानं 'पोटा'चं लिव्हर ओढणारा तिथं हात धुवायला आला.

"तुमच्या जागी नाटकातली बाई आणलीय, मावशी. तुमचीच वाक्यं म्हणते. शेवटी रडतेपण."

"रडते?"

"हो ना. आणि लोक नेमके तेव्हाच जास्त हसतात."

तो गेल्यावर मावशीनं नळ सोडला आणि खळखळून चूळ भरली. मग दुसरी, मग तिसरी. तोंडातली ती चव काही जाईना.