कप्प्यात टाकलेलं कानाचं मशीन

मी कानाचं मशीन बोलतोय. कानामागे बसणारं, काजूएवढं. दुसऱ्यांचे आवाज पोहोचवण्यात माझा जन्म गेला, आज पहिल्यांदाच स्वतःचं काही सांगतोय.

मी कारखान्यात घडलो, आणि ज्यांच्यासाठी मला घेतलं त्यांचे कानही कारखान्यानेच खाल्ले. पत्रे कापणाऱ्या यंत्रांपुढे त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्त झाले तरी सगळे त्यांना फोरमनच म्हणतात. मला पहिल्यांदा घातलं तेव्हा त्यांनी घरभर फिरून नळ सोडून पाहिला, कागद चुरगळून पाहिला, आणि बायकोला म्हणाले, "अगं, तुझा आवाज अजून तसाच आहे की!" बाई चक्क लाजल्या.

पण हे कौतुक फार दिवस टिकलं नाही. भांडण रंगात आलं की मला काढून ठेवायचं, ही नामी युक्ती फोरमनना सापडली. "आता मी भिंतीशी बोलू का?" म्हणत बाई भांडी आपटायच्या. ती आदळआपटही मलाच ऐकावी लागायची.

एके रात्री आम्ही लेकीच्या घरून परतत होतो. जेवताना फोरमननी जावयाला तो गाडी किती वाईट चालवतो ते सगळ्यांसमोर सुनावलं होतं. बाई रागारागाने मागच्या सीटवर बसल्या.

"जावयाला कुणी असं बोलतं का हो? लेकीचं तोंड पाहिलंत? एवढंसं झालं होतं!"

फोरमननी मला कानातून काढलं, बंदसुद्धा केलं नाही, आणि समोरच्या कप्प्यात टाकून झाकण लावलं. असं चालू ठेवून कोंडलं की मी बारीक शिट्टी मारायला लागतो. माझा तो स्वभावच आहे, त्याला इलाज नाही.

कप्प्यातून मला सगळं ऐकू येत होतं. गाडी वळली तरी इंडिकेटर टिकटिकतच राहिला. मी कानात असतो तर फोरमननी तो तेव्हाच बंद केला असता. मग मागून सायरन आला. बाई रुसून खिडकीबाहेर बघत होत्या, त्यांना वाटलं दुसऱ्या कुणासाठी असेल. सायरन पार अंगावर आला आणि मागचे दिवे आरशात चमकले, तेव्हा कुठे फोरमननी गाडी कडेला घेतली. तोवर पोलिसाला वाटलं, हा माणूस पळतोय.

बूट वाजले. काच खाली गेली.

"हात स्टिअरिंगच्या चाकावर ठेवा!"

फोरमनच्या डोळ्यांवर टॉर्च होता, त्यामुळे पोलिसाचे ओठ दिसत नव्हते. त्यांना वाटलं, गाडीचे कागद मागतोय. कागद कप्प्यात होते, आणि मीही. त्यांनी हात पुढे केला.

"चाकावर म्हटलं ना! ऐकू येत नाही का?"

कप्प्याची कडी खटकन उघडली आणि माझी शिट्टी बाहेर पडली.

"काय वाजतंय ते? काय आहे आत? हात मागे घ्या!"

आवाज फाटला होता. पाठोपाठ त्याच्या कमरेच्या पट्ट्याचं बटण टक् करून उघडलं. ते पिस्तुलाच्या खोळीचं बटण, हे मला कुणी सांगायला नको होतं. माझा जीव टांगणीला लागला. गप्प बसावं म्हणून मी किती तडफडलो, पण माझं कोकलणं काही थांबेना.

"साहेब, त्यांना ऐकू येत नाही हो!" बाई ओरडून पुढे झुकल्या.

"बाई, हलू नका! तुमचेही हात दिसू द्या!"

मी कानात नसलो की बाई फोरमनच्या खांद्यावर थोपटून बोलायच्या. आता तेही जमणार नव्हतं. मला वाटलं, बाई आता किंचाळणार. पण त्यांनी एक लांब श्वास घेतला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "अहो. हात. चाकावर. ठेवा."

पोलिसाचा टॉर्च त्यांच्याकडे वळला होता. उजेडात त्यांचे ओठ फोरमनना आरशात दिसले. डोळ्यांनी दिसणारं हे सगळं मला नंतर कळलं, बाई लेकीला फोनवर सांगत होत्या तेव्हा. तेव्हा मी ऐकलं ते एवढंच, की कागदांची सळसळ थांबली आणि दोन तळवे चाकावर टेकले.

"साहेब, कप्प्यात त्यांच्या कानाचं मशीन आहे. तेच वाजतंय. आम्ही हलत नाही, तुम्हीच काढा."

पोलीस गाडीला वळसा घालून आला. दार उघडून त्याने मला तळहातावर घेतलं. नंतर मला फोरमनच्या हाती देऊन म्हणाला, "काका, इंडिकेटर चालू राहिला होता. तेवढंच सांगायला थांबवलं होतं हो."

मी कानात बसलो आणि फोरमनना पहिल्यांदा ऐकू आलं ते बाईंचं हुंदके देऊन रडणं.

आता मी म्हातारा झालोय. बॅटरीचं झाकण सैल आहे, आवाज मध्येच जातो. जाण्याआधी हात जोडून एवढंच मागतो. पोलिसाने थांबवलं तर इंजिन बंद करा, काच खाली घ्या, हात चाकावर दिसू द्या. काही काढायचं असलं तर आधी तोंडाने सांगा, मग हात हलवा. ऐकू येत नसेल तर तेही खुणेने सांगा.

हे मी इतकं कळवळून का सांगतोय? पोलिसाने मला उचललं तेव्हा त्याचा तळहात घामाने चिंब होता.  मग तो स्वतःशीच पुटपुटला. फोरमनना ते ऐकू येणं शक्य नव्हतं, बाईंपर्यंत पोहोचलं नाही. माझ्याशिवाय ते कुणी ऐकलेलं नाही.

"मी गोळी घालणार होतो," तो म्हणाला.